चाकोरीतलं पाणी

मी शिकलो तो अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो, कारण आमच्या दोघांत हुशार ती होती. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढं सोयगावला दोघांनाही पाठवणं वडिलांना झेपणारं नव्हतं. "भाऊला पाठवा, मी कापूस वेचाया जाते," असं तिनं आपणहून सांगितलं. त्यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही. जणू ते ठरलेलंच होतं.

पुढं तिला सोयगावातच दिली. दाजी पिकअप चालवायचे. गाडी मालकाची, पण ती स्वतःची असल्यासारखे ते पुसायचे. भाजीपाला भरून पहाटे निघायचं, अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडवरून शहरात यायचं, माल उतरवायचा आणि मिळेल ते परतीचं भाडं घ्यायचं, असा त्यांचा दिवस. मी इंजिनिअरिंगला या शहरात आलो तेव्हा आम्ही त्याला औरंगाबाद म्हणायचो. अक्कानं मला मेस लावू दिली नाही. दाजींच्या गाडीतून डबा यायचा. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांगं. दाजी हॉस्टेलच्या फाटकाशी गाडी उभी करून हॉर्न दाबायचे आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "या साहेब, तुमचा सरकारी भत्ता आला!"

डबा हातात देताना ते एकच गंमत करायचे. "अक्काची भाकर खाऊन तुम्ही इंजिनेर होनार. मी रोज तीच भाकर खातो, तरी डायवरच. कोन्या पिठाची घालती तुम्हाला, इचारा की एकदा."

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर जाताना तिच्यात साखर नाहीतर दोन मिरच्या तरी जातात. हॉस्टेलवर माझ्याकडं डब्यात घालण्यासारखं काहीच नसायचं. म्हणून मी चिठ्ठी घालायचो. "अक्का, डबा मिळाला," अशीच तिची सुरुवात व्हायची. मग पेपर कसे गेले, कोणते सर चांगले शिकवतात, सर्दी बरी झाली का, असलं काहीबाही. अक्का चूल पेटवायच्या आधी ती वाचायची, असं दाजी सांगायचे. त्यांना वाचता यायचं, पण ते म्हणायचे, "तिच्या तोंडून ऐकाया बरं वाटतं."

आता चाकोरीचं सांगायला हवं. आमचं गाव काळ्या जमिनीचं. पावसाळ्यात गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट म्हणजे नुसता चिखल. बैलगाड्यांच्या चाकांनी त्यात दोन घट्ट रेघा पाडलेल्या असत, तीच चाकोरी. त्या रेघांत चाक राहिलं तर गाडी जाते. जरा बाहेर पडलं की रुतलीच. अक्का दहा-बारा वर्षांची असताना वडील तापानं फणफणले होते, तेव्हा तिनं गाडी हाकली होती. मी मागं वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरून म्हशी आल्या, तिनं बैल बाजूला घेतले आणि चाक आसापर्यंत खाली गेलं. माणसं येऊन गाडी काढेपर्यंत वडील पावसात भिजत पडले होते. ते त्यातून बरे झाले, पण अक्काच्या मनातून ते कधी गेलं नाही. लग्नानंतर दाजी गाडी सुरू करायचे तेव्हा ती डबा सीटवर ठेवायची, बॉनेटवर हात टेकायची आणि म्हणायची, "चाकोरी सोडू नगा."

दाजी हसायचे. "नाय सोडत बाई. तुला धरली ती सोडली नाय, तर चाकोरी कशाला सोडू?"

त्यांनी खरंच ती कधी सोडली नाही.

दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात ते गेले. मी तोवर वाळूजच्या एका कारखान्यात लागलो होतो. संसार होता, घरचं जेवण होतं, तरी अक्काचा डबा अधूनमधून यायचाच. त्या दिवशी दुपारी दाजी कंपनीच्या गेटवर आले. धो धो पाऊस चालला होता. खिडकीची काच बोटभर खाली करून त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "तुमच्या गेटवर सलाम ठोकतो बघा वाचमन मला. साहेबाचा दाजी म्हन्ल्यावर!" म्हणाले आणि गेले. गाडी रिकामी होती. शहराबाहेरून वळसा घालून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानं ते भाडं आणायला निघाले होते.

त्या रस्त्यावर पिकअप सरळ जाऊन दुभाजकावर चढली आणि उलटली.

मी घाटीत, शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथं एक म्हातारा ट्रकवाला बसला होता. दाजींना त्यानंच आणलं होतं. त्याचा सदरा अजून ओला होता. तो मला म्हणाला, "सोया नै था वो, बेटा. मैं पीछेच था ना. हातां देखा उसके. चाकां फिरे, गाडी फिरीच नै. पानी पे चढ गई."

गावात मात्र लोक म्हणाले, डोळा लागला असंल. कुणी म्हणालं, घेतली असंल थोडी. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेल्या माणसाबद्दल हे ऐकून मी अक्काला ट्रकवाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते तिनं मुठीत धरून ठेवलं. कुणी काही बोललं की एवढंच म्हणायची, "झोपले नव्हते ते. पाणी व्हतं."

पाणी होतं, हे खरं. पण ते कुठं होतं, हे मला पुढच्या पावसाळ्यात दिसलं.

मी कंपनीच्या बसनं त्याच रस्त्यावरून चाललो होतो. जोराचा पाऊस होता. बसलो होतो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. समोर आमच्या लेनमध्ये दोन लांब, सरळ पट्टे चमकत होते. जड ट्रक वर्षानुवर्षं एकाच जागेवरून जाऊन डांबर दबलं होतं आणि त्या दोन दबलेल्या रेघांत पाणी साचून उभं होतं. मधला भाग उंच, नुसता ओला. ड्रायव्हर बस जरा बाजूला ठेवून चालवत होता. मी विचारलं तर म्हणाला, "त्या नाल्यांत चाक घालू नाय सर पावसात. वरनं काय वाटत नाय, पन गाडी हातात ऱ्हात नाय."

मला पुढचं त्याला विचारावं लागलं नाही. टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात. पाणी फार असलं आणि वेगही असला, की फेकायला वेळ पुरत नाही. पाणी पाचरीसारखं टायरखाली शिरतं आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, चाकांना धरायला काही उरत नाही. गाडी रिकामी, हलकी असली तर आणखी लवकर. हे मी शिकलो होतो. ते दोन पट्टे बघताना मात्र मला पुस्तकातलं काही आठवलं नाही. बॉनेटवर टेकलेला अक्काचा हात आठवला.

हे तिला सांगायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. सांगून दाजी परत येणार नव्हते. तिच्याजवळ जे थोडं उरलं होतं तेही मोडलं असतं. घरी बायकोलासुद्धा मी बोललो नाही.

यंदा आषाढात गेटवर पुन्हा पिकअपचा हॉर्न वाजला. अक्काचा मुलगा होता. बावीस वर्षांचा आहे, बापासारखाच उंच. त्याच मालकाची दुसरी गाडी त्यानं धरली होती. त्यानं माझ्या हातात नवा स्टीलचा डबा दिला. "मामा, आईनं तुमचा भत्ता पुन्हा चालू केला," म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना.

मी त्याला बाजूला घेऊन रस्त्यावरच्या पट्ट्यांचं सगळं समजावलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "मामा, तुमचं खरं असंल. पन आई रोज बॉनेटवर हात ठिवून सांगती, चाकोरी सोडू नको. पप्पा गेल्यापासून मी तिचा एक शब्द मोडला नाय. ह्यो कसा मोडू? तिनं इचारलं तर खोटं बोलू का?"

"नको बोलू," मी म्हणालो.

"मंग तुम्हीच सांगा तिला."

फोनवर ते बोलणं होण्यासारखं नव्हतं. अक्का फोनवर "बरं हाय ना?" विचारते आणि आपण बरं म्हटलं की ठेवते. दाजींनी शेवटचा आणलेला डबा दोन वर्षं माझ्याकडंच राहिला होता. तो बायकोनं घासून फळीवर ठेवला होता आणि परत कसा द्यायचा ते मला उमगलं नव्हतं. पुढच्या खेपेला भाचा आला तेव्हा मी त्यात ही चिठ्ठी घालून तो त्याच्याकडं दिला.

अक्का,

डबा मिळाला. भाकरी मऊ होत्या. हा तुझा जुना डबा, दाजींनी आणलेला.

तू चूल पेटवायच्या आधी वाचशील म्हणून आधीच सांगतो, खाली बस आणि वाच.

दाजी झोपले नव्हते हे तुला ठाऊक आहे. पाणी होतं हेही ठाऊक आहे. ते पाणी चाकोरीत होतं. गावाकडची चाकोरी घट्ट असते आणि बाहेर चिखल असतो. इथल्या मोठ्या रस्त्यावर उलटं आहे. ट्रकांनी पाडलेली चाकोरी खोल असते, पावसात तिच्यात पाणी उभं राहतं आणि जोरात आलेली गाडी त्याच्यावर तरंगते. इथल्या चाकोरीचं हे मला इंजिनिअर होऊनही माहीत नव्हतं, तर तुला कुठून असणार? दाजींनाही नव्हतं. घाटाखालच्या वाटेवर तुझ्या सांगण्यानं त्यांची गाडी किती वेळा निघाली, ते स्वतः मला सांगायचे.

मी हे कधीच लिहिलं नसतं. पण पोरगा तुझा शब्द मोडत नाही. मी सांगून बघितलं. त्याला तूच सांग. मोठ्या रस्त्यावर पाऊस असला तर चाकोरी सोड, गाडी जरा बाजूला घेऊन एका अंगाची चाकं मधल्या उंचवट्यावर ठेव, सावकाश चालव. स्टेअरिंग हलकं लागलं तर ब्रेक मारू नको, नुसता पाय उचल. बॉनेटवर हात ठेवूनच सांग, म्हणजे त्याला पटेल.

तू रडशील हे मला माहीत आहे. मी रविवारी येतो. काही बोलू नकोस, मी नुसता बसेन.

आणि पावसाच्या दिवशी डबा पाठवू नकोस. मी इथं उपाशी नाही.

तुझा भाऊ