जंतूबाईंचं औषध

तिला काळजी करायला निमित्त लागत नसे. लहानपणी शाळेला निघाली की कुलूप लागलं की नाही ते ती परत येऊन ओढून बघायची, आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा शंका. मोठा भाऊ वैतागून म्हणायचा, "अगं, चोराने न्यावं असं आपल्या घरात आहे तरी काय?" झालं, तिला नवी काळजी लागायची. चोर आला आणि त्याला काहीच मिळालं नाही, तर तो चिडणार नाही का?

घरच्यांना वाटलं, मोठी झाली की जाईल. गेली नाही. फक्त कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागल्यावर त्या सवयीला चांगलं नाव मिळालं. तीन-तीनदा हात धुणं, झाकण घट्ट बसलंय ना ते पुन्हा बघणं, याला तिथे काटेकोरपणा म्हणत. ती वर्गात पहिली आली.

पुढे संशोधनासाठी तिने एक जंतू धरला. घसा दुखवणाऱ्या जंतूंच्याच भाऊबंदांपैकी. तो स्वतःभोवती एक द्रव्य सोडतो, आणि ते द्रव्य रक्ताची गुठळी विरघळवतं. काचेच्या नळीत तळाशी काळपट गुठळी होती. तिने त्यात दोन थेंब टाकले, आणि थोड्या वेळाने नळी तिरकी केली तर रक्त सळसळत काठाशी आलं. हृदयाची नस बंद पडलेल्या माणसाला हे औषध वेळेत मिळालं तर तो वाचतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण ते बाहेरून यायचं आणि आलं तरी संपलेलं असायचं. आपल्याकडे ते कोणी बनवत नाही, ही गोष्ट तिच्या डोक्यात जी जाऊन बसली ती बसलीच.

एका मोठ्या औषध कंपनीत तिची मुलाखत झाली. साहेब चांगले वागले, चहा मागवला. म्हणाले, "टाक्यांवर रात्रपाळीही असते हो. तिथे बायका आम्ही घेत नाही. ऑफिसात कागदपत्रं सांभाळाल का?" ती चहा अर्धा टाकून घरी आली.

तोवर लग्न झालं होतं. नवरा शाळेत गणित शिकवायचा, मितभाषी माणूस. घरात बोलायचं काम सासूबाईंकडे होतं. घरामागे त्यांची कपडे धुण्याची खोली होती, फरशी उतरती, नळ मोठा. सुनेने ती मागितली तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"माझ्या धुण्याच्या खोलीत तू रोग वाढवणार?"

"रोग नाही हो आई. जंतू."

"बरं. म्हणजे ते फार सभ्य जंतू आहेत का?"

दुसऱ्या दिवशी बादल्या आणि कपड्यांचा ढीग त्यांनी स्वतःच बाहेर काढला, आणि वर, "भिंतीला खिळे ठोकू नकोस," असं बजावलं.

त्या खोलीत तिने काचेच्या बरण्यांतून जंतू वाढवले. जागा पुरेना तेव्हा गावाबाहेर एक शेड बघितली. मालक सगळं ऐकून घेत होता. ती 'जंतू' म्हणाली तसा तो दोन पावलं मागे सरला, आणि तिथल्या तिथे त्याने तिचं बारसं केलं. "अहो जंतूबाई, माझी पोरंबाळं आहेत!" शेड दिली नाही, नाव मात्र देऊन गेला. ते तिला कायमचं चिकटलं. दुसरी शेड मिळाली तेव्हा तिचा कॉलेजातला एक सोबती नोकरी सोडून तिच्याबरोबर आला. हा यंत्रांत हुशार, पण तापट. शिट्टी होईपर्यंत तापायचा, मग एकदम शांत. सगळे त्याला कुकर म्हणत.

पुढची वर्षं कशी गेली ते त्या दोघांनाच माहीत. टाकीतून फेस वर येऊन छतापर्यंत उडाला. वीज गेली आणि सगळे जंतू एका दुपारी मेले. परवानग्यांसाठी ती ज्या-ज्या टेबलापुढे उभी राहिली, तिथे पहिला प्रश्न एकच, "साहेब कुठे आहेत?" डॉक्टर तर ऐकूनही घेत नव्हते. शेवटी हृदयरोगाच्या एका डॉक्टरांनी तिच्या चाचण्यांचे सगळे कागद वाचून काढले आणि म्हणाले, "बाई, मला तुमच्यावर विश्वास नाही. पण आकड्यांवर आहे." त्यांनी औषध वापरलं. माणसं वाचली. हळूहळू बारा गावच्या रुग्णालयांत तिच्या छोट्या बाटल्या जाऊ लागल्या. असलं औषध इथे बनवणारी पहिली बाई म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत सगळे हसताहेत, आणि ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघतेय. फोटोग्राफरच्या मागे वाफेचा व्हॉल्व्ह गळत होता, तिकडे.

मग त्या डॉक्टरांचाच निरोप आला. नव्या खेपेची बाटली दिल्यावर दोन रुग्णांना हुडहुडी भरली होती आणि ताप चढला होता. तिसरा एक शिंपी होता. त्याचा रक्तदाब इतका खाली गेला की त्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

"या औषधाने थोडी थंडी वाजतेच," कुकर म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय. जगभर वाजते."

"तिघांना? एकाच खेपेत?"

"योगायोग असेल. चाचणीत पास झालीय ती खेप, टोचून बघितलेल्या सशांना जरासुद्धा ताप आला नाही. आणि आत्ता माल परत बोलावलास तर उद्या आपल्याला दारात कोण उभं करेल? सांग ना!"

त्याचं म्हणणं खरंही असू शकत होतं, आणि तेच जास्त भीतीचं होतं. आयुष्यभर तिने नसलेल्या गोष्टींची काळजी केली होती. ही त्यातलीच एक नाही हे ठरवायचं कसं?

तिने ती खेप परत बोलावली. प्रत्येक रुग्णालयाला स्वतः कळवलं. जुन्या खेपेच्या बाटल्या होत्या तिथे सांगितलं की कारण सापडेपर्यंत अगदी गरज असेल तरच वापरा. कुकरची शिट्टी झाली. तो दार आपटून गेला, आणि अर्ध्या तासाने येऊन निमूटपणे पाण्याच्या टाक्या उघडायला लागला.

कारण सापडेना. कारखाना बंद, सगळी माणसं यंत्रं खोलून बसलेली. अशात एका सकाळी नवऱ्याचा फोन आला. मितभाषी माणूस, तो तेवढंच म्हणाला, "आईच्या छातीत दुखतंय. आम्ही निघालोय."

ती पोचली तेव्हा सासूबाई पलंगावर होत्या. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तिच्या कारखान्याची बाटली होती.

"नस बंद आहे. बाहेरून येणारं औषध संपलंय. ही तुमची जुनी खेप. आता सांगा."

"तुम्ही काय कराल?"

"मी तुम्हाला विचारतोय. बनवणारीला."

तिने बाटली हातात घेऊन खेपेचा नंबर वाचला. ही भरली तेव्हा ती स्वतः यंत्रापाशी उभी होती. पण त्या दुसऱ्या खेपेलाही ती उभीच होती. या बाटलीत काय आहे हे साऱ्या जगात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही ठाऊक नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, याने काहीतरी बोलावं. तो म्हणाला, "तू ठरव."

"द्या," ती म्हणाली. "पण सुरुवातीला अगदी सावकाश सोडा. मी इथेच थांबते."

"तुम्ही थांबून काय करणार?"

"काहीच नाही."

काचेला नाक लावून ती उभी राहिली. थेंब पडत होते. ती थेंबांकडे बघत नव्हती, चादरीकडे बघत होती. चादर थरथरली तर! एकदा चादर हलली आणि ती आत धावली. सासूबाईंनी डोळे उघडले.

"पाय गार पडलेत गं."

थंडी? सुरू झाली? तिने त्यांच्या पायांना हात लावला. पाय खरंच गार होते. मग वरून वारा लागला तशी तिने मान उचलली. छतातल्या एसीचं तोंड नेमकं पलंगाच्या पायथ्याकडे होतं.

"मोजे दे की," सासूबाई म्हणाल्या. "बघत काय बसलीस!"

दुपारी डॉक्टर हृदयाच्या आलेखाची लांब पट्टी घेऊन आले. नस उघडली होती. ताप नव्हता. नवरा भिंतीला टेकून बसला आणि त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. तिला मात्र हायसं वाटेना. असंच कोणीतरी त्या शिंप्यासाठी काचेपाशी उभं राहिलं असणार, हा विचार आला आणि जाईना. तो माणूस याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होता.

कारखान्याच्या वकिलाने सक्त ताकीद दिली होती की रुग्णांच्या माणसांशी बोलायचं नाही. ती जिना चढून गेली. दारापाशी बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती.

"तुम्ही त्यांच्या…"

"बायको. तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. त्यांना जे इंजेक्शन दिलं, ते माझ्या कारखान्यात बनतं. त्यात काहीतरी चुकलंय असं मला वाटतंय. काय ते अजून कळलेलं नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिली. आता ही ओरडेल, चप्पल काढेल, काहीही करेल. काहीही केलं असतं तरी चाललं असतं.

"कालपासून माझ्या पोटात काही नाही," बाई म्हणाली. "त्यांना एकटं सोडता येत नाही म्हणून. तुम्ही बसा इथे. मी दोन घास खाऊन येते."

आणि ती खरंच गेली. जंतूबाई आत जाऊन खुर्चीवर बसली. शिंप्याच्या बोटांवर सुईची बारीक भोकं होती, अंगठ्याला कातरीचा घट्टा. यंत्र टिकटिकत होतं. ती त्याच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहिली. बाई परत आली तेव्हा तिने नुसती मान हलवली, जा म्हणून. माफ केलं की नाही, हे त्या मानेवरून कळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास जंतूबाई पुन्हा गेली. बाई उठली, पिशवी उचलली आणि जेवायला गेली. तो माणूस शुद्धीवर येईपर्यंत हे असंच चाललं.

कारण सापडलं ते बाटल्या धुण्याच्या पाण्यात. पाण्याच्या नळाला पूर्वी कधीतरी काढलेला एक आखूड फाटा होता, पुढे बंद केलेला. त्यात पाणी साचून राहायचं. त्या खेपेच्या दिवशी मधेच वीज गेली, पाणी थांबलं, आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढले. वीज आल्यावर तेच पाणी बाटल्यांत फिरलं. पुढे बाटल्या तापवल्या तेव्हा जंतू मेले, पण मेलेल्या जंतूंच्या अंगातलं विष तसंच राहिलं. सशांवर तपासलेल्या बाटल्या वीज जाण्याआधी, सकाळी धुतलेल्या होत्या, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही. तो फाटा तिच्या मान्यतेनेच ठेवला होता. कामाच्या गडबडीत तिने नळांच्या नकाशावर नजर टाकून मान हलवली होती, आणि त्याची काळजी करायची तिला कधी आठवणच झाली नव्हती.

कुकरने तो फाटा कापून तिच्या टेबलावर आणून ठेवला. वीतभर पाइप. आतून हात लावला तर बुळबुळीत. कुकर म्हणाला, "योगायोग म्हणालो होतो मी."

"मलाही तो योगायोगच निघायला हवा होता," ती म्हणाली.

डॉक्टरांची सभा भरली तेव्हा तिने उभं राहून हे सगळं सांगितलं, फाट्यासकट. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "पुन्हा असं होणार नाही याची खात्री देता?"

"या पाइपची देते," ती म्हणाली. "बाकीची नाही देऊ शकत. झालं तर तुमच्याआधी मला कळेल असं बघेन, आणि मला कळलं की तुम्हाला कळेल."

सभेत कुजबुज झाली. कित्येक रुग्णालयांनी तिचं औषध बंद केलं, काहींनी कायमचं. कारखाना जेमतेम तगला. शिंपी घरी गेला, पण कातर धरायला त्याला बरेच महिने लागले. सासूबाई दोन महिन्यांत हिंडू-फिरू लागल्या आणि येईल त्या पाहुण्याला सांगू लागल्या, "सुनेचंच औषध दिलं मला. नाही म्हणायची सोय होती का?"

वर्ष उलटून गेल्यावर हृदयरोगाच्या त्या डॉक्टरांनी पुन्हा औषध मागवलं. नवी खेप तिने सकाळची, दुपारची, संध्याकाळची, अशी सगळी तपासून घेतली होती. पेटी गाडीत ठेवली गेली तेव्हा ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि पेटी मांडीवर मागून घेतली.

"मॅडम, मी नेतो की नीट," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे मला."

गाडी फाटकाबाहेर पडली. ड्रायव्हरने रेडिओ लावला. तिने तो बंद करायला सांगितला. बाटल्या एकमेकींवर आपटताहेत का, ते तिला ऐकायचं होतं.