कंबरेचं दुखणं आणि आईचा संशय

तलासरीच्या नाक्यावर जीप सुटायला आली तरी आईचं सांगणं संपत नव्हतं. "तिकडं कोणी काही खायला दिलं, अंगाला लावायला दिलं, तर आधी मला विचार." मी गरोदर होते. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, तेव्हापासून तिचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. परक्यांवर माझाही नव्हता. नवऱ्याला तारापूरच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून डोंगराकडचं गाव सोडून आम्ही समुद्राकाठच्या चिंचणीला भाड्याच्या खोलीत राहायला निघालो होतो.

गावी कोणीही नागलीची भाकरी पुढं केली की मी खात होते. चिंचणीत शेजारणीनं ताजे बोंबील आणून दिले, तरी आधी हुंगून बघायची. नळाचं पाणी मचूळ लागलं की वाटायचं, यानं बाळाला काही होईल.

पोट वाढलं तशी कंबर भरून यायला लागली. डहाणूच्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. त्यांनी मला चटईवर हात आणि गुडघे टेकायला लावले. "श्वास सोडत पाठ हळूच वर उचला, मग सरळ करा. खाली खचू देऊ नका." मला वाटलं, ही माझ्यावर शिकतेय. गावी बाया दिवसभर वाकून भाताची आवणी करतात, त्यांना कोणी असं शिकवलं? पण दुखणं हलकं व्हायचं, म्हणून दाराला कडी लावून करायची.

आठव्या महिन्यात आई आली आणि तिनं ते पाहिलंच. "जनावरासारखी काय उभी राहिलीस?" पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर डहाणूला आली.

"तुम्हाला किती पोरं?" तिनं मॅडमना विचारलं.

"एकही नाही, मावशी."

"मग हिच्या कंबरेचं तुम्हाला काय कळणार?"

मॅडम रागावल्या नाहीत. "माझ्यावर विश्वास नका ठेवू. पण एवढं ऐका. दुखणं थांबून थांबून यायला लागलं, पोट दगडासारखं झालं, पाणी किंवा रक्त गेलं, तर व्यायाम बंद. लगेच दवाखान्यात या."

बाहेर आल्यावर आई पुटपुटली, "घाबरवून परत बोलवायची युक्ती आहे."

थोड्याच दिवसांनी दुपारी कंबर दुखू लागली. मी सवयीनं चटई घातली. कळ ओसरली, परत आली, परत ओसरली. आई पाठीला तेल लावत होती. तिचा हात पोटाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"दगड झालंय," ती म्हणाली. "ऊठ. ती बाई बोलली तेच होतंय."

रिक्षा तिनंच धावत जाऊन आणली.

दवाखान्यात मला ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली, कळा थांबल्या. प्रत्येक सुईला आई नर्सला विचारायची, "ही कशाची?" पुढं दिवस भरत आल्यावर मुलगी झाली. मॅडम बघायला आल्या. आईनं बाळ त्यांच्या हातात दिलं, पण आपला हात खालून काढला नाही.

आता आई गावी असते आणि मी चिंचणीत रुळले आहे. मुलगी वाळूत खेळते, मच्छीशिवाय जेवत नाही. इथं मी आजारी पडले तर लोक गोळी आणून देतात, प्रेमानं देतात. गावी गेले की आई तसलीच गोळी माझ्या हातातून काढून घेते. तिला वाचता येत नाही, तरी पाकीट उजेडात धरून उलटसुलट बघते, मला दहा प्रश्न विचारते आणि मगच पाणी देते. माझ्यासाठी असा संशय घेणारं माणूस जिथं आहे, त्या जागेलाच मी अजून घर म्हणते.