सुईनं केलेला निवाडा
निजामाच्या राज्यात माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच उजवा गुडघा सुजला. गाठ टणक, सारखी ठणकायची. सासरच्या गावातल्या हकीमानं ती चाचपली, सासूबाईंना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गरमी है. हाडात उतरलीय."

गरमी म्हणजे बाहेरख्यालीपणाचा रोग, हे मला सासूबाईंच्या तोंडाकडं बघून कळलं. माझं ताट वेगळं झालं. मालक माझ्याशी बोलेनात. मग मला माहेरी, तेर गावाला पोचवलं.

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर नाही म्हणता आलं असतं. शेजारीण आली की मी आपणहून आत जाऊन दार लोटून घ्यायची. काही केलेलं नसताना केल्यासारखी वागायला लागले.

पायावर उभं राहवेना, तेव्हा अण्णांनी मला छोट्या रेल्वेनं इंग्रजी मुलखातल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुरुष. लुगडं मांडीपर्यंत सारावं लागलं. अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी जाड सुई गाठीत घातली. आत हाड करकरलं. काळपट रक्त ओढून त्यांनी ते काचेवर पसरलं.

दुसऱ्या दिवशी ते अण्णांना म्हणाले, "मास्तर, ही हाडातलीच गाठ आहे. क्वचित दिसते. रक्तात तिच्या मोठाल्या पेशी सापडल्या. गरमीचा काही संबंध नाही."

"मला बघू द्याल?" मी विचारलं. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चिरलेल्या अंजिरासारखी एकेक पेशी, आत ठिपकेच ठिपके. मी बघतच राहिले.

बाहेर बाकावर अण्णा माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "पोरी, तुला विचारायला पायजे होतं."

"अण्णा, तुम्हालाबी तसंच वाटलं होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "व्हय."

डॉक्टरांनी गाठ कोरून काढली, पोकळीत कमरेच्या हाडाचे तुकडे भरले. पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. अण्णांनी डॉक्टरांचं म्हणणं पत्रानं कळवलं, तेव्हा मालक न्यायला आले. "झालं गेलं इसर," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या मागं निघाले.

सासरी कुणी पायाचं विचारलं की मी म्हणायची, आडावर घसरले. खरं सांगायचं, तर गरमीचं नाव काढावं लागलं असतं.