काचवाले काका आणि नामदेवदादांची कावीळ

काचवाले काका चहा देण्याआधी माणसाला गाढव म्हणत. उल्हासनगरात त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. गाठींचे तुकडे मेणात बसवायचे, पातळ कापायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, म्हणून हे नाव. त्यांना डॉक्टर म्हटलेलं खपत नसे. "डॉक्टर तो, जो कंपनीच्या गाडीतून फिरतो," म्हणत.

असला एक गाडीवाला आमच्याही नशिबी आला. बुवापाड्यातले नामदेवदादा अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात होते. पिवळे पडले, ऑपरेशन झालं, तरी तीन महिन्यांत गेले. कंपनीच्या त्या डॉक्टरानं पोटाला हातही न लावता लिहून टाकलं: दारूमुळे कावीळ. दादा दारूला कधी शिवले नव्हते. पण शिक्क्यापुढे बायकोला कोण विचारतो? शेजारणीही म्हणू लागल्या, लपून पीत असेल. वहिनींना एवढंच हवं होतं, तो शब्द पुसला जावा.

ऑपरेशनातला तुकडा काकांकडेच आला होता. पित्तनलिकेचा कॅन्सर. मेणाचा ठोकळा त्यांनी मुंबईला ओळखीच्या प्रयोगशाळेत धाडला. गाठीला आवर घालणारा एक जीनच गेलेला निघाला. मला कळेना. "गाढवा, त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. आई गप्प बसली तरी बाप ओरडतो. दोघंही गेले, की पोरगं मोकाट."

मी कामगार संघटनेचा, लगेच पत्रक लिहिलं: कंपनीच्या रसायनानंच जीन मारला! काकांनी ते माझ्या अंगावर फेकलं. "जीन गेला एवढं दिसतं. कुणी नेला, ते काचेवर लिहिलेलं नसतं." मी त्यांना भेकड म्हणालो आणि पत्रक छापलं.

वहिनींच्या भरपाईचा दावाही मी त्याच आरोपावर उभा केला. त्याच्या चौकशीत कंपनीच्या वकिलानं तेच पत्रक काकांपुढे धरलं. हे सिद्ध होतं का? होत नाही, काका म्हणाले. भरपाई तिथेच बुडाली, माझ्या शहाणपणानं. वकील हसत खाली बसत होता, तेवढ्यात काका म्हणाले, "गाठीशेजारचं लिव्हर मात्र स्वच्छ आहे. दारूचं लिव्हर असं नसतं. लिहिणाऱ्यानं काच पाहिलेली नाही." चौकशी अधिकाऱ्यानं 'दारू' हा शब्द खोडायला लावला.

मग कारखान्यांनी काकांकडे कामगारांच्या तपासण्या पाठवणं बंद केलं; लॅब त्यावरच चालायची. लॅब गुंडाळली त्या दिवशी वहिनी आल्या, काच दाखवा म्हणाल्या. मायक्रोस्कोपवर वाकून बराच वेळ ते गुलाबी-जांभळं बघत राहिल्या.

"यात ह्यांचं काही चुकलं होतं का हो, काका?"

"नाही, बाई. त्याचं काहीच चुकलं नव्हतं."