पोळ्याला फिरलेलं जातं

सण कुणी ठरवले ते मला माहीत नाही, पण बैलांना विचारून ठरवले नसणार. पोळा बैलांचा सण, असं सगळे म्हणतात. त्यांना अंघोळ घालायची, शिंगांना हिंगूळ लावायचा, झूल पांघरायची, पुरणपोळी खाऊ घालायची, आणि मग त्यांच्याच पायाशी फटाक्यांची माळ पेटवायची. पाहुण्याला जेवायला बोलवून दारात कुत्रं सोडावं, त्यातला हा प्रकार. लहानपणीही मला तो पटत नव्हता, आणि मी ते बोलून दाखवायची. म्हणून गावात माझं नाव फटकळ पोरगी असं पडलं होतं. पडू दे म्हटलं.

आमचं गाव मंठ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या दुष्काळात आमच्या दावणीला एक तांबडं खोंड होतं. गावातल्या कितीतरी दावणी तेव्हा रिकाम्या झाल्या, पण वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे खोंड राखलं. राखलं त्यांनी, पण जगवलं मी. दुष्काळी कामावर माय खडी फोडायची आणि मला तिथे सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. त्यातली अर्धी मी परकराच्या ओच्यात बांधून आणायची आणि खोंडाला तळहातावर चारायची. त्याची खरखरीत जीभ माझ्या हातावरचा शेवटचा कण चाटून न्यायची. त्या वर्षी आम्ही दोघंही हडकुळी होतो आणि दोघंही वाचलो. त्याच्यावर माझा जेवढा जीव होता तेवढा घरातल्या माणसांवरही नव्हता, हे मी तेव्हाही लपवलं नाही.

दुष्काळ सरला आणि गावाला उधाण आलं. आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी बैलांचं लग्न लागतं. मारुतीच्या पारासमोर सगळ्या जोड्या उभ्या करायच्या, मंगलाष्टका म्हणायच्या, बैलांवर ज्वारीच्या अक्षता टाकायच्या. लग्न लागलं की मानकऱ्याची जोडी आधी तोरणाखालून जाणार, मग बाकीच्यांच्या. पूर्वी लग्न लागल्यावर एखादा बार उडायचा, तेवढाच. पण पहिलं बरं पीक आलं त्या साली मानकऱ्याचा थोरला मुलगा जालन्याहून पोतंभर फटाके घेऊन आला. शेवटचं सावधान झालं आणि पोरांनी बैलांच्या रांगेतच माळा पेटवल्या. आमच्या तांबड्याचा तो पहिलाच पोळा होता. एक माळ त्याच्या पोटाखाली फुटली.

तो उधळला. आबांनी कासरा सोडला नाही आणि त्याने आबांना पारापासून ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. आबांचा उजवा खांदा निखळला, तांबड्याचं एक शिंग टोकाला फुटलं. लोक हसले. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर तांबडा पार बदलला. डब्याचं झाकण पडलं तरी थरथरायचा. रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला की दाव्याला हिसके द्यायचा. जोडीच्या दुसऱ्या बैलाबरोबर औताला चालायचा, पण कान मागे, डोळे पांढरे. पुढचा श्रावण लागला तेव्हा आबा बोलले.

"औंदा पोळ्याला जर उधळला, तर मंग मंठ्याच्या बाजारात नेऊन उभा करतो. माझा खांदा काय दर साली जोडून देनार हाय का कुनी?"

भित्र्या बैलाला शेतकरी गिऱ्हाईक मिळत नाही. मंठ्याच्या बाजारात उभा केलेला असा बैल कोण नेतो आणि कुठे नेतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग मी कामाला लागले. कानात तेलाचे बोळे घालून पाहिले, तर त्याने मान झटकून ते माझ्याच तोंडावर उडवले. डोळ्यांवर गोणपाट बांधलं, तर दिसेना म्हणून जास्तच बिथरला. शेजारच्या म्हातारीने मिरच्या-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायला सांगितलं. त्याने आम्हीच ठसकलो.

उपाय सापडला तो आपोआप. आमचं जातं पडवीत होतं, आणि पडवी आणि गोठा यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती. गावात तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी आलेली होती, त्यामुळे जात्यावर फक्त डाळ आणि गुरांसाठी हुलग्याचा भरडा निघायचा. एका दुपारी माय आणि मी भरडा काढत होतो आणि अचानक ढग असा कडाडला की माझ्या हातातून जात्याचा खुंटा सुटला. मी घाबरून गोठ्यात पाहिलं. तांबडा भिंतीवर मान टाकून उभा होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, दोन्ही कान जात्याकडे. मायने जातं थांबवलं नव्हतं. ढग परत गडगडला, त्याने साधी पापणी हलवली नाही. जात्याची घरघर म्हणजे भरडा येणार, एवढंच त्याला कळत होतं, आणि त्या कळण्यापुढे आभाळ फाटलं तरी त्याला फिकीर नव्हती.

आज कुणी मला विचारतं, दिवाळीत आमचं कुत्रं पलंगाखाली जाऊन थरथरतं, काय करावं? मी सांगते, दारंखिडक्या लावा, त्याच्याजवळ बसा, आणि ज्या आवाजाला ते जेवायला धावतं तो आवाज करत राहा. पुस्तकात काय लिहिलंय मला ठाऊक नाही. मी बैलाकडून शिकले.

पोळ्याला तांबड्याला घरी ठेवून त्याच्यासाठी जातं फिरवायचं मी ठरवलं, पण त्यात एक मोठी अडचण होती. पोळ्याला जातं फिरवत नाहीत. सणाच्या दिवशी बैलांना औत नाही तसं बाईला जातं नाही, दळण सगळं आदल्या दिवशी उरकायचं. सणाला घरघर ऐकू आली की त्या घरावर काहीतरी ओढवणार, असं सगळं गाव मानायचं. त्यात दुसरी गोष्ट, जोडी फोडून एकच बैल लग्नाला नेला तर लोक समजणार की या घरचा दुसरा बैल मेला. म्हणजे मी जे ठरवलं होतं त्यात अपशकुनावर अपशकुन होता. मला त्याचं काही वाटलं नाही. माझा शकुन गोठ्यात उभा होता.

पोळ्याच्या दिवशी आबांनी दोन्ही बैल ओढ्यावर धुऊन आणले. तांबड्याच्या फुटक्या शिंगालाही हिंगूळ लावला. दिवस कलायला आला तेव्हा ते कासरे घ्यायला गोठ्याकडे आले आणि मी दारात आडवी उभी राहिले.

"आबा, ह्याला मी नेऊ देनार न्हाई."

"सरक बाजूला."

"न्हाई सरकनार. तुम्हीच म्हनले, उधळला तर बाजार. मंग उधळू द्यायचाच कशाला?"

"अर्धी जोडी घेऊन जाऊ पारावर? लोक सुतक इचारायला येतील!"

"येऊ द्या. त्यास्नी सांगा, बैल जित्ता हाय आन् घरी हाय."

आबांचा हात वर गेला. पण तो उजवा हात होता, खांद्यातून कळ आली आणि ते तसेच खांदा धरून वाकले. मी घाबरले, पण दारातून हलले नाही. मायने मला डोळ्यांनी खुणावलं, हात जोडले, शेवटी ती आबांनाच म्हणाली, "वेळ होऊन राह्यला. एकाला घेऊन जा. पोरीचं मंग बघा."

"आल्यावर बघतोच," म्हणून आबा एका बैलाला घेऊन गेले. मान खाली घालून गेले. मला वाईट वाटलं, पण इतकंही नाही.

मी गोठ्याचं दार लावून घेतलं, पडवीत आले आणि हुलग्यांची टोपली जात्याशी ओढली. माय उंबऱ्यात उभी होती.

"येडी झाली का? सणाचं जातं?"

"तू हात लावू नको. मी लावते. माझ्यावर येऊ दे काय यायचं ते."

पाराकडून हलगी ऐकू येत होती. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. मी जात्यात हुलग्यांचा पहिला घास टाकला आणि खुंटा फिरवला. रिकाम्या गल्लीत ती घरघर केवढी मोठी वाटली! शेजारच्या अंगणातून कुणीतरी "अगं माय!" म्हणाल्याचं मी ऐकलं. सावधान झालं आणि फटाके सुटले. गेल्या सालापेक्षा जास्त होते. तांबड्याच्या अंगावरची कातडी थरथर हलायला लागली. त्याने दावं ताणलं, फुरफुर केली. मी वेग वाढवला, जात्याभोवती पडलेला भरडा मुठीत घेऊन भिंतीवरून गव्हाणीत टाकला, परत बसले, परत फिरवलं. हळूहळू त्याची मान भिंतीवर आली. डोळे अजून पांढरेच होते, पण कान माझ्याकडे वळले. मला ओरडावंसं वाटलं, इतका आनंद झाला.

तो आनंद टिकला नाही. लग्न लागल्यावर जोड्या घरोघर ओवाळायला नेतात आणि पोरं मागे हिंडतात. आमच्या जोडीतला एकच बैल आलेला पाहून त्यांना चेव आला. मानकऱ्याचा थोरला मुलगा पुढे आणि त्याची टोळी मागे, अशी वरात आमच्या अंगणात आली.

"नवरदेव कुठं लपून बसला? लग्न टाळून पळाला का?"

त्याने अंगणात लांबलचक माळ पसरली.

"इथं लावू नको," मी आतून ओरडले.

"गावाचा सन हाय. तुझ्या एकटीचा न्हाई."

माळ पेटली. इतक्या जवळून तो आवाज म्हणजे जणू पडवीतच बंदुका सुटल्या. तांबड्याने असा हिसका दिला की भिंतीतली दाव्याची खुंटी बुडातून हलली. मी जीव खाऊन जातं ओढलं. पण ते जातं दोन बायांचं होतं. एकटीच्या हाताने ते जड जायला लागलं, तळहाताचा फोड फुटला, घरघर अडखळली. घरघर अडखळली की तांबडा दुसरा हिसका द्यायचा. खुंटी आणखी एकदा-दोनदाच तग धरणार, हे दिसत होतं. मायने एकदा माझ्याकडे, एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिचा पाय उचलेना. मी तिला दोष देत नाही. तिला लहानपणापासून तेच शिकवलं होतं. मी मात्र रडत होते आणि शिव्या देत होते, एकाच वेळी.

तेवढ्यात आबा अंगणात आले. दुसरा बैल त्यांनी बाहेरच बांधला. अंगणात गर्दी, उंबऱ्यात माय, जात्यावर मी, भिंतीपलीकडे झटापट करणारा तांबडा, हे सगळं त्यांनी एकदा पाहिलं. ते पडवीत चढले. मला वाटलं, आता मला केसाला धरून उठवणार.

"सरक," ते म्हणाले.

मी खुंटा घट्ट धरला. "न्हाई सरकनार."

"अगं, बसायला जागा दे की मला!"

आणि माझे आबा, मोठा पटका बांधलेले, सणाचं धोतर नेसलेले, माझ्यासमोर मांडी घालून जात्याला बसले. डावा हात त्यांनी खुंट्यावर माझ्या हाताखाली धरला आणि जातं गरकन फिरलं.

अंगणात हशा फुटला. आमच्याकडे पुरुष जात्याला बसत नाही. बायको बाळंतीण असली तरी शेजारीण बोलावतात. मानकऱ्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाप्या मानूस असून दळून राह्यले?"

"व्हय, दळून राह्यलो," आबा मान वर न करता म्हणाले. "तुला दळायचं हाय का? ये, बस इथं. न्हाई तर तुझी माळ उचल आन् चालता हो."

त्याने आणखी एक माळ लावली. आबांनी हुलग्याचा घास टाकला. तिसरी लावली. आबांनी परत घास टाकला. जात्याचा आवाज असा भरून आला होता की मला फटाके लांबून आल्यासारखे वाटत होते. मायने उंबरा ओलांडला. काही न बोलता ती आमच्याजवळ बसली आणि पडलेला भरडा ओंजळीने उचलून गव्हाणीत टाकायला लागली. तांबड्याने एकदा फुरफुर केली, मान खाली घातली आणि तो खायला लागला. खात असलेल्या बैलाला घाबरवून काय मजा? टोळी थोडा वेळ रेंगाळली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावाने आबांना नाव ठेवलं. काय ठेवलं ते लिहीत नाही, बाईमाणसाला लावायचं नाव होतं. त्या नावाने हाक आली की आबा ओ द्यायचे. पण बाजाराचं बोलणं त्यांनी मागे घेतलेलं नव्हतं.

मंठ्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली आणि दोन्ही बैल जुंपले. मी शाळेचं दप्तर टाकलं आणि गाडीत चढून बसले.

"कुठं?"

"तुमच्यासंगं."

"शाळा?"

"न्हाई जायची. ह्याला तुम्ही बाजारात उभं केलं, तर मी त्याच्या दाव्याला धरून उभी राहीन. गिऱ्हाईकाला मलाबी न्यावं लागंल."

आबांनी गाडी हाकली. सगळी वाट मी तांबड्याच्या पाठीकडे पाहत होते. बाजार आला. गुरांचा बाजार डाव्या हाताला होता. तिथला धुरळा, हंबरणं, दलालांचे रुमाल, सगळं दिसायला लागलं. आबांनी कासरा उजवीकडे ओढला. गाडी धान्याच्या ढिगांमध्ये जाऊन थांबली. त्यांनी एका ढिगातले हुलगे तळहातावर घेतले, फुंकर मारली, दाताखाली एक फोडून पाहिला आणि एक पोतं मोजायला सांगितलं.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "फुडल्या पोळ्याला एवढ्यात भागंल का?"

"न्हाई," मी म्हणाले. "अजून घ्या."

त्यांनी अजून घेतले.