चाळीस कागदांवरचा चार

कुणी शेजारीण "बरं चाललंय" म्हणाली की वेनिंगबाईंचं बोट आजही मांडीवरच चारचं बटण दाबतं. इंडोनेशियातल्या जोग्जा शहराच्या कॉलेजगल्लीत त्यांनी वीस वर्षं दोन कॉम्प्युटरचं दुकान चालवलं. मुलं प्रबंधासाठी प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणून टाकत. बाई आकडे भरून सरासरी, सहसंबंध, सगळं काढून देत. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्या काळातली पुर्वांती नावाची विद्यार्थिनी त्यांना अजून आठवते. शिक्षणाची सात वर्षांची मुदत संपत आलेली, वीस दिवसांत प्रबंध दिला नाही तर नाव कटणार. विषय होता, तिच्या गावच्या बायका सरकारी सुईणबाईंवर खूश आहेत का, आणि खूश असतील तर दवाखान्यात जास्त वेळा जातात का.

"बू," बाईंना तिकडच्या रीतीनं हाक मारत ती म्हणाली, "तुमचं मशीन बिघडलंय! उत्तराच्या जागी नुसतं टिंब येतंय."

"मशीन धडधाकट आहे, पोरी. तुझ्या चाळीसही जणींनी दहाच्या दहा प्रश्नांना पाचपैकी चार दिलेत. सगळ्यांचं उत्तर एकच, तर ते बिचारं ताडून काय बघणार?"

"मग थोडे तीन करा, थोडे पाच. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना." बाईंनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. "कुठं भरून घेतलेस हे?"

"सुईणबाईंच्या ओसरीवर. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, उकडलेल्या शेंगा दिल्या..."

"झालं! तिचाच चहा पिऊन तिला एक कोण देईल? पाच द्यावा तर लाळघोटेपणा दिसायचा. चार दिला की कुणाचंच मन दुखत नाही. गावात लग्न आहे का कुणाकडे?"

"आहे. गुरुवारी. पण त्याचं काय?"

"मागच्या चुलीपाशी बायकांत फणस चिरायला बस. चिरता चिरता विचार. आणि नाव कुणाचं लिहू नकोस."

पुर्वांती रडवेली होऊन गेली. आठ दिवसांनी आली तेव्हा कागदांवर नारळाच्या दुधाचे डाग होते, फणसाच्या चिकानं कोपरे चिकटले होते. बाई एकेक पान हलक्या हातानं सोडवत आकडे भरत गेल्या. दोन, पाच, तीन. एकीनं एकाचा आकडा इतक्या जोरात काढलेला की कागद फाटलेला. खाली लिहिलं होतं, हाका मारूनही दार उघडत नाहीत. दुसरीनं सगळे पाच देऊन लिहिलं होतं, माझी सून यांनीच वाचवली. टिंबाच्या जागी आकडा उमटला तशी पुर्वांती खुर्चीतच उडाली.

तोंडी परीक्षा पार पडली, तशी ती किटलीभर चहा घेऊनच आली. "खरं सांगा बू, कसं झालं माझं काम?"

"चहा पाजून विचारतेस? मग चार!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

भजी बांधायला महिन्याची रद्दी न्यायला टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी तळणारा आला. पुर्वांतीचा पहिला, सगळ्या चारांचा गठ्ठा त्याला मिळाला. त्यानं फणसाच्या डागांच्या दुसऱ्याला हात घातला तशा बाई म्हणाल्या, "तो ठेव खाली. उद्या सुईणबाईंनी त्यातच भजी खाल्ली म्हणजे?"

तो गठ्ठा त्यांनी आपल्या चुलीत घातला. चिकाचे कोपरे तडतडत जळाले. पुढं दुकान कायमचं बंद करतानाही बाईंना आठवली ती तीच तडतड.