गाळलेल्या ओळी

छापील अक्षरावर आमच्या आत्याइतका जीव टाकणारं माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचं नाही, आणि ते अक्षर छापणाऱ्यावर तिच्याइतकं चिडणारंही सापडायचं नाही. उभी नोकरी तिनं जंगलातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली. तिथे वाचायला काही मिळत नसे, म्हणून ती भज्यांच्या पुड्याचा कागद वाची, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी वाची, आणि तेही संपलं की पहिल्यापासून पुन्हा वाची. निवृत्त होऊन चिमूरला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा गावातल्या लग्नपत्रिकांवर संकट आलं. आलेली पत्रिका लाल पेनानं तपासून ती परत पाठवायची. एका नवरदेवाच्या बापाला तर तिनं मांडवातच गाठलं. "'आशीर्वादा'तला शी दीर्घ राह्यते, भाऊ. ऱ्हस्व आशीर्वाद काऊन मागून राह्यले पोरासाठी?"

मग काचबिंदूनं तिचे डोळे नेले, आणि तिचं वाचन माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की तिला पेपर वाचून दाखवायचा, फोनवरचे निरोप वाचायचे, ती सांगेल ते उत्तर टाकायचं. पहिले काही महिने मी मन लावून वाचलं. पुढे अग्रलेखातला मधला परिच्छेद गाळू लागलो, मग अख्खा अग्रलेखच. तिला वास यायचा. "आज सरकारवर कोनीच चिडलं नाई का रे?" ती विचारी. "नाही," मी सांगे, आणि पेपरची घडी घाली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत आलेल्या एका अंध शिक्षकांनी तिच्या फोनवर वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात निरनिराळे आवाज होते. आत्यानं ते सून पाहावी तसे पाहिले. एक पुरुषी आवाज ऐकून म्हणाली, "हा कचेरीतला बाबू आहे, 'उद्या या' म्हनन." दुसरी बाई तिला सर्दी झालेली वाटली. शेवटी एक गोड आवाजाची बाई पसंत पडली. "श्वास घेते ना रे हे पोरगी!" आत्या थक्क होऊन म्हणाली आणि तिचं नाव तिनं 'पुणेवाली' ठेवलं. चार दिवसांत दोघींचं भांडण सुरू झालं. पुणेवाली सोयाबीनचा भाव आणि बस उलटल्याची बातमी एकाच लाडिक सुरात सांगायची. "अवो बाई, मानसं मेली, जरा दमानं!" आत्या ओरडायची. पण आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "काही म्हना, हे गाळत नाई. मूळव्याधीच्या दवाखान्याचा पत्ताबी वाचते." हे ऐकून मी जरुरीपेक्षा मोठ्यानं हसत असे.

एका रविवारी बाजारातून आलो तर ती अंगणात बाजेवर बसलेली. मांडीवर फोन. "बस," म्हणाली.

तिनं जुने निरोप लावले होते. सिरोंच्याला तिची एक मैत्रीण होती, नोकरीत वीस वर्षं बरोबर राहिलेली दुसरी नर्स. आत्या तिला अक्का म्हणायची. अक्काची नात तिच्या वतीनं निरोप लिहायची. पुणेवालीनं गोड आवाजात वाचलं, "अक्का खूप आजारी आहे. एकदा भेटून जा म्हणते." मग आठ दिवसांनंतरचा, "अक्का रोज विचारते, कधी येता?" आणि त्याखाली माझं उत्तर, आत्याच्या नावानं, "मी मजेत आहे. सवड झाली की येते."

हे निरोप आले तेव्हा मी आत्याला वाचून दाखवलं होतं, "अक्का खुशाल आहे. तुझी आठवण काढते." उन्हाळ्यात अक्का गेली. तो निरोप मात्र मी जसाच्या तसा वाचला होता.

मी सांगू लागलो. शाळेत परीक्षा होत्या, सिरोंच्याला बस बदलत जायला दिवस मोडतो, रस्ता हाडं खिळखिळी करतो, तुला झेपलं नसतं. सगळं खरं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू मले नुसतं वाचून दाखवाचं होतं," ती म्हणाली. "जावाचं का नाई, ते मी पाह्यलं असतं."

पुढच्या आठवड्यात ती सिरोंच्याला निघाली. मी रजा टाकून मागे गेलो; तिनं नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. अक्काच्या लेकीनं चहा दिला. ती तेलुगूत बोलत होती, नात मराठीत सांगत होती. शेवटी शेवटी अक्का रोज सकाळी विचारायची म्हणे, सवड झाली का तिला?

मी कप खाली ठेवला. आता आत्या माझ्याकडे बोट दाखवणार, असं वाटलं. ती चाचपडत त्या लेकीजवळ सरकली आणि तिचा हात धरून म्हणाली, "माही चुकी झाली, पोरी. मीच आली नाई."

परतीच्या बसमध्ये आलापल्लीचं जंगल लागलं. तेव्हा ती म्हणाली, "तू वाईट नाईस रे. तुले कंटाळा आला होता." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आता संध्याकाळी ती कानात इयरफोन घालून अंगणात बसते. मी वह्या तपासायच्या निमित्तानं शेजारी खुर्ची टाकतो. मध्येच तिला कशाचं तरी हसू येतं, अगदी खांदे हलेपर्यंत. काय वाचलंस, असं विचारावंसं वाटतं. मी विचारत नाही. पुढची वही उघडतो.